छतावरच्या तंबूत आठ महिने: पर्थ ते किंबर्ली आणि परत

गाडीच्या छतावर बसवायचा तंबू घ्यावा का, असं गेल्या महिन्यात पर्थमधल्या तीन मराठी घरांनी आम्हाला विचारलं. प्रत्येकाला फोनवर अर्धं-अर्धंच सांगून झालं, म्हणून आता सगळं एकदाच लिहितेय.

आमचा तंबू कॅनव्हासचा, मधोमध घडी होणारा आणि शिडीवाला आहे. आत 1.4 मीटर रुंद गादी. तो घेऊन आठ महिने झाले. आधी शनिवार-रविवारच्या छोट्या सहली केल्या. मग माझी नोकरीची दहा वर्षं पुरी झाल्यावर मिळालेल्या लाँग सर्व्हिस लीव्हमध्ये आम्ही दोघं नऊ आठवडे सलग फिरलो. पर्थहून शार्क बे, निंगालू, करिजिनी, ब्रूम, मग उत्तरेकडच्या किंबर्ली भागातल्या गिब रिव्हर रोडने कनुनुराला आणि तिथून आतल्या हायवेने घरी. एकूण साधारण 9,000 किलोमीटर झाले.

घेण्याआधी एक गोष्ट नीट बघा. गाडीच्या छताची वजन पेलायची मर्यादा चालताना वेगळी असते आणि उभी असताना वेगळी. आमच्या गाडीला चालताना 80 किलो चालतात. तंबू 58 किलोचा, त्यात रॅकचं वजन, म्हणजे वर दुसरं काहीही ठेवायला जागा उरली नाही. रात्री दोघं वर झोपतो ते चालतं, कारण उभ्या गाडीचं छत त्याच्या कितीतरी पट भार घेतं. दुसरी गोष्ट, कॅनव्हास नवा असताना अंगणात उघडून नळीने चिंब भिजवा, पूर्ण वाळू द्या आणि हे दोन-तीनदा करा. दोरा फुगतो आणि शिवणीची छिद्रं बुजतात. आम्ही हे केलं होतं, म्हणून पहिल्याच पावसात आत एक थेंबही आला नाही.

आता मुख्य मुद्दा. हा तंबू रोज मुक्काम हलवणाऱ्यांसाठी उत्तम आहे. एका जागी राहणाऱ्यांना तो जाच आहे, कारण अंथरूण गाडीवर असतं आणि गाडी हलवायची तर आधी घर आवरावं लागतं.

हे आम्हाला कळलं निंगालूला, केप रेंज नॅशनल पार्कमध्ये. तिथल्या ऑस्प्रे बे या तंबूच्या मुक्कामाला आम्हाला पाच रात्री मिळाल्या होत्या. तिथलं बुकिंग सहा महिने आधी उघडतं आणि शाळेच्या सुट्टीतल्या तारखा बघता बघता संपतात, त्यामुळे या पाच रात्रींचं मोल आम्हाला फार होतं. समोर प्रवाळाची रांग, तिच्यापलीकडे हंपबॅक देवमाशांचे फवारे, सकाळचा चहा घेत तासभर नुसतं बघत बसावं अशी जागा. पण टर्क्वॉइझ बेला पोहायला जायचं तर गाडी हवी. तिथे किनाऱ्याच्या दक्षिण टोकाला पाण्यात उतरायचं, प्रवाह आपल्याला प्रवाळावरून उत्तरेला वाहत नेतो आणि वाळूचा दांडा येण्याआधी बाहेर पडायचं. एकदा करून मन भरत नाही. पण प्रत्येक खेपेला गादी दाबा, खांब आत ढकला, कॅनव्हास खोचा, वरचं कव्हर ओढून चेन लावा. सरावाने सगळं दहा मिनिटांत होतं, पण वारा असेल तर वीस लागतात. आणि त्या किनाऱ्यावर वारा असतोच. दुसऱ्या रात्री कॅनव्हास इतका फडफडत होता की आम्ही दोन वाजता उतरून गाडीचं तोंड वाऱ्याकडे वळवलं, तेव्हा कुठे डोळा लागला. शेजारी जमिनीवर तंबू ठोकलेलं एक वयस्कर जोडपं होतं. ते सकाळी उठून नुसती गाडी सुरू करून निघून जायचे. त्यांचा हेवा वाटला, हे खरं सांगते.

करिजिनीत नेमकं उलट झालं. तिथली जमीन लाल, खडकाळ, वर स्पिनिफेक्स गवताचे सुईसारखे झुपके आणि मुंग्या. जमिनीवर झोपणारे खुंट्या वाकवत बसले होते आणि आम्ही सपाट गादीवर. दिवसभर डेल्स गॉर्जमध्ये उतरून फर्न पूलच्या गार पाण्यात डुंबायचं, अडीच अब्ज वर्षांपूर्वीच्या लोहखडकाचे थर हाताने चाचपायचे आणि रात्री वर जाऊन पडायचं. मात्र जुलैत तिथे रात्री कडाक्याची थंडी पडते. दोघांच्या श्वासाची वाफ खाली गादीखालच्या थंड पत्र्यावर जमते. तिसऱ्या दिवशी गादी उचलली तर खालून ओलीकच्च. गादीखाली हवा खेळती ठेवणारी जाळीदार चटई मिळते, ती पहिल्याच दिवशी घ्या. खिडक्या दोन बोटं उघड्या ठेवा, थंडी वाजली तरी.

गिब रिव्हर रोड म्हणजे मूळचा गुरं नेण्याचा रस्ता, 660 किलोमीटर. पावसाळ्यात तो बंद असतो आणि कोरड्या महिन्यांत त्यावर आडव्या लाटा उठतात, ज्यांना इथे कॉरुगेशन म्हणतात. आम्ही टायरची हवा 38 वरून 27 पीएसआयवर आणली आणि वेग कमी ठेवला. तरी पहिल्या दिवसाच्या शेवटी रॅकचे चार नट सैल निघाले. त्यानंतर रोज सकाळी चहाच्या आधी पाना घेऊन फेरी मारायची हा आमचा नियमच झाला. नाइलॉनवाले लॉक नट आधीच लावून घ्या.

धुळीने मात्र आमचं खरं नुकसान केलं. ती पिठासारखी बारीक लाल धूळ चेनच्या दातांत बसते आणि बेल गॉर्जला पोचलो त्या संध्याकाळी कव्हरची चेन फाटली. उरलेला प्रवास कव्हर पट्ट्यांनी बांधून काढला. दुकानाला फोटो पाठवले, तर वॉरंटीत धूळ येत नाही असं उत्तर आलं. किंबर्लीसाठी म्हणून विकलेल्या वस्तूला किंबर्लीची धूळ सोसायला हवी, असं मला आजही वाटतं. तुम्ही रोज कोरड्या टूथब्रशने चेन झाडा आणि वर मेण चोळा. तेल अजिबात लावू नका, धूळ आणखी चिकटते.

इतर सामानाबद्दल थोडक्यात. 45 लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज आणि 100 अँपिअर-अवरची लिथियम बॅटरी ही आमची सगळ्यात चांगली खरेदी. उन्हाच्या दिवशी फ्रिज 35-40 अँपिअर-अवर खातो, म्हणजे गाडी न हलवता दोन दिवस निभतात, सोलर पॅनेल असेल तर जास्त. फ्रिज भरलेला ठेवला की कमी खातो. दह्याचं विरजण आम्ही स्टीलच्या डब्यात सोबत नेलं होतं. करिजिनीत दही लागेना, डबा रात्री झोपायच्या पिशवीत घेऊन झोपलो तेव्हा लागलं. विंजाना गॉर्जला तेच दही बंद गाडीत चार तासांत घट्ट. मुगाची खिचडी, मेतकूट आणि ते दही, समोर वाळूवर पहुडलेल्या गोड्या पाण्यातल्या मगरी.

पाणी मात्र कधी कमी धरू नका. केप रेंजच्या मुक्कामांवर पिण्याचं पाणी नाही, सगळं आपण न्यायचं. आम्ही 80 लिटर भरून निघायचो आणि माणशी रोज पाच लिटर फक्त पिण्याचे धरायचो. फोनची रेंज शेकडो किलोमीटर नसते, म्हणून संकटात उपग्रहामार्फत मदतीचा इशारा देणारा 406 मेगाहर्ट्झचा लोकेटर बीकन घेतला आणि त्याची सरकारी नोंदणी केली, ती फुकट आहे. या एका वस्तूवर पैसे वाचवू नका, हे मी प्रत्येकाला हात जोडून सांगते.

शिडीबद्दल लोक कमी बोलतात. मध्यरात्री लघवीला उतरायचं म्हणजे डोक्याला दिवा, पायात चपला शोधणं आणि दव पडलेल्या पायऱ्या. चाळिशीत आम्हाला जमतं. आई-बाबा सांगलीहून आले होते, तेव्हा आई हौसेने वर चढली. पण उतरताना तिच्या गुडघ्याने साथ दिली नाही, नवऱ्याने तिला अक्षरशः कडेवर घेऊन उतरवलं. त्या सहलीत मग आम्ही त्यांना केबिन घेतली.

पुढच्या जूनसाठी ऑस्प्रे बेच्या सहा रात्री मिळाल्या आहेत. त्यासाठी जमिनीवरचा साधा तंबू आणलाय आणि वाळूत धरतील अशा लांब खुंट्या. छतावरचा तंबू चौघांनी मिळून उतरवला आणि गॅरेजमध्ये टांगलाय, गिब रिव्हरला पुन्हा जाऊ तेव्हा तोच जाईल. कव्हरला नवी, जाड दातांची चेन एका ताडपत्रीवाल्याकडून शिवून घेतली आहे.