घरचं बायपॅप : मशीन कुठलंही घ्या, मास्क मात्र पेशंटला झोपवून बसवून घ्या

ह्यांना बऱ्याच वर्षांचा सीओपीडी, म्हणजे श्वासनलिका आकसण्याचा फुफ्फुसांचा जुनाट आजार आहे. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर घरात आधीपासून होताच. मागच्या वेळी हॉस्पिटलमधून घरी आल्यावर काही आठवड्यांनी डॉक्टरांनी पुन्हा एबीजी, म्हणजे धमनीतल्या रक्तातले वायू मोजायची तपासणी करायला लावली. कार्बन डायऑक्साइड तरीही चढलेलाच होता, म्हणून रात्रीसाठी बायपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन लिहून दिलं. आता दोन्ही यंत्रं ह्यांच्या उशाशी चालतात. तुमच्या घरी अशीच चौकशी चालू असेल, तर माझा अनुभव उपयोगी पडेल. विक्रेते स्क्रीन, ॲप आणि वॉरंटीवर भरभरून बोलतात, पण रात्र निभावते ती मास्कवर.

कॉन्सन्ट्रेटर असताना बायपॅप कशाला, हे आधी सांगते. कॉन्सन्ट्रेटर खोलीतली हवा ओढतो, त्यातला नायट्रोजन झिओलाइट नावाच्या खनिजाच्या दाण्यांत अडकवतो आणि ९० टक्क्यांच्या वरचा ऑक्सिजन नळीत सोडतो. ह्यांची अडचण मात्र नुसत्या ऑक्सिजनची नव्हती. रक्तात साचलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे सकाळी डोकं जड, दिवसभर झापड, बोलता बोलता डोळा लागायचा. अशा पेशंटला ऑक्सिजन वाढवत नेला तर कार्बन डायऑक्साइड आणखी चढू शकतो. म्हणून आम्हाला बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर ८८ ते ९२ टक्के एवढीच मर्यादा आखून दिली आहे. भेटायला आलेलं माणूस ९० आकडा बघून घाबरतं आणि ऑक्सिजन वाढवायला नॉबकडे हात नेतं. मी हात धरते, दुसरं काही करत नाही.

बायपॅप श्वास घेताना जास्त दाबाने हवा आत देतं आणि सोडताना दाब उतरवतं. श्वासाच्या थकलेल्या स्नायूंचं बरंचसं ओझं ते उचलतं आणि कोंडलेला वायू बाहेर पडतो. सीपॅप एकाच दाबावर चालतं आणि ते मुख्यतः स्लीप ॲप्नियासाठी, म्हणजे झोपेत श्वास अडण्याच्या त्रासासाठी असतं. स्वस्त पडतं म्हणून परस्पर तेच घेऊन येऊ नका. २०१७ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधला एक अभ्यास आला होता. ह्यांच्यासारख्याच पेशंटमध्ये, म्हणजे ॲडमिट होऊन घरी आल्यावरही ज्यांचा कार्बन डायऑक्साइड चढलेला राहिला त्यांच्यात, पुन्हा भरती किंवा मृत्यू होईपर्यंतचा मध्यक (निम्म्या पेशंटनी गाठलेला) काळ नुसत्या ऑक्सिजनवर १.४ महिने होता. सोबत असं मशीन दिल्यावर तो ४.३ महिने झाला. डॉक्टरांनी हे समजावल्यावर माझी खात्री पटली.

आता मास्क. पहिला फक्त नाकावरचा मिळाला. झोपेत ह्यांचं तोंड उघडं पडतं, त्यामुळे सगळी हवा तिथून निघून जायची आणि सकाळी जीभ लाकडासारखी कोरडी. मग नाक-तोंड झाकणारा आणला. विक्रेत्याने माप घेतलं ते ह्यांना खुर्चीत बसवून, तेही तोंडात कवळी असताना! रात्री कवळी काढली की गाल आत जातात, आडवं झालं की चेहऱ्याची ठेवण बदलते. वरच्या कडेने हवा थेट डोळ्यांत यायची, डोळे लालभडक. पट्टे आवळले तर नाकाच्या हाडावर वळ उठला आणि कातडी सोलवटायला लागली.

हे सुटलं ते हॉस्पिटलच्या रेस्पिरेटरी थेरपिस्टमुळे. तिने ह्यांना कवळी काढून आडवं केलं, मशीन पूर्ण दाबावर येऊ दिलं, मास्क चेहऱ्यावरून किंचित उचलला आणि आतली मऊ कड हवेने फुगल्यावर अलगद परत टेकवला. मग पट्टे चक्क सैल केले. एक साइझ लहानही दिला. त्या रात्री हे सलग झोपले. हळूहळू सकाळचं जडपण उतरलं, आता वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचून होतं. एवढ्यासाठी मी त्या मुलीचे आभार किती वेळा मानले असतील!

मास्कवरच्या बारीक भोकांतून येणारी सुरसुर म्हणजे गळती नव्हे. उच्छ्वास तिथूनच बाहेर जातो. त्यावर टेप लावू नका, पांघरूण येऊ देऊ नका. मास्क पेशंटला स्वतःच्या हाताने पटकन काढता यायलाच हवा, हे घेताना करून बघा.

मशीनबद्दल थोडक्यात. हवा ओलसर करणारा ह्युमिडिफायर हवाच, त्यात पाणी डिस्टिल्ड. मशीन डोक्याच्या पातळीखाली ठेवा, नाहीतर नळीत साचलेलं पाणी तोंडावर येतं. कॉन्सन्ट्रेटर घरघरतो आणि गरम हवा फेकतो, त्याला भिंतीपासून लांब ठेवा. वीज गेली की तो बंद, म्हणून ऑक्सिजनचा भरलेला सिलिंडर आणि त्याची चावी एकाच जागी हवी. पोर्टेबल कॉन्सन्ट्रेटरवरचा ‘२’ म्हणजे मिनिटाला दोन लिटर असं समजू नका. बहुतेक पोर्टेबल फक्त श्वास ओढल्यावर ऑक्सिजनचा छोटा झोत देतात आणि बायपॅपला जोडायला चालत नाहीत.

जुनं मशीन मिळत असेल तर सिरियल नंबर तपासा. फिलिप्सने जून २०२१ मध्ये आतला फोम झिजत असल्यामुळे बरीच मॉडेल्स परत मागवली होती. आणि मास्कची कड कालांतराने कडक पडते, तेव्हा ती सुटी मिळते की पूर्ण मास्कच बदलावा लागतो, हे पैसे देण्याआधी विचारा.