दुदांडी शिवराई आणि चिठ्ठीवरची श्रेणी: पुण्यातील एका नाणेविक्रेत्याचे परीक्षण

पुण्याच्या पेठेतील ज्या विक्रेत्याकडून मी काही दुदांडी शिवराया (मागे दोन दांड्या असलेली शिवराई नावाची तांब्याची जुनी नाणी) घेतल्या, त्याच्याकडे तांब्याच्या प्रत्येक नाण्याबरोबर वजन आणि श्रेणी, म्हणजे नाणे किती चांगल्या स्थितीत आहे त्याचा दर्जा, लिहिलेली चिठ्ठी मिळते. ढिगातून नाणी उपसायला लावणाऱ्या दुकानांच्या तुलनेत ही पद्धत स्वागतार्ह आहे, आणि चिठ्ठ्यांवरची वजने माझ्या काट्यावर बरोबरही निघाली. श्रेणीविषयी मात्र तसे म्हणता येत नाही.

'फाइन' आणि तिच्या वरची 'व्हेरी फाइन' या श्रेण्या यंत्रावर पाडलेल्या एकसारख्या नाण्यांना शोभतात. नाण्यांचे अभ्यासक विल्यम शेल्डन यांनी १९४९ साली मांडलेली १ ते ७० गुणांची मोजपट्टीही अमेरिकेच्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठीच होती. शिवराई हाताने ठोकून पाडली जाई आणि तिची चकती बहुधा ठशापेक्षा लहान असे. त्यामुळे 'श्री राजा शिव' या तीन ओळींपैकी एखादी, किंवा मागच्या 'छत्रपति'तले एखादे अक्षर, मुळात नाण्यावर उतरलेलेच नसते. झिजलेल्या अक्षराचा माथा सपाट होतो आणि कडा बोथटतात, तरी त्याचा पुसट आकार शिल्लक राहतो. न उतरलेले अक्षर चकतीच्या काठाशी एकदम तुटते आणि शेजारची अक्षरे ठसठशीत असतात.

या दुकानात हा भेद केला जात नाही. 'फाइन' म्हणून स्वस्तात मिळालेल्या एका शिवराईवर 'श्री' जवळजवळ काठाबाहेर गेली आहे, पण 'राजा', 'शिव' आणि मागच्या दोन्ही दांड्या इतक्या उठावदार आहेत की मी तिला निःशंकपणे वरची श्रेणी देईन. उलट 'व्हेरी फाइन' ठरवलेल्या दुसरीवर सगळी अक्षरे आहेत खरी, परंतु तिचा पृष्ठभाग गुलाबी-नारिंगी चमकतो, दहापट भिंगाखाली एकाच दिशेचे बारीक ओरखडे दिसतात आणि अक्षरांच्या कोपऱ्यांत जुना काळपट थर अडकून राहिला आहे. ही सारी चिंचेने किंवा एखाद्या आम्लाने घासल्याची लक्षणे आहेत. (चिंच देवघरातल्या तांब्याभांड्यांसाठी ठेवावी.) तांब्यावर कित्येक वर्षांत जमलेला तपकिरी थर एकदा गेला की पूर्ववत होत नाही, म्हणून 'घासलेले' ही नोंद चिठ्ठीवर असायलाच हवी होती.

कळंकाच्या बाबतीत विक्रेता अधिक जागरूक आहे. घट्ट, गुळगुळीत हिरवा थर त्याला चालतो आणि ते योग्यच आहे. पण टोकरताच पूड होऊन पडणारा फिकट हिरवा कळंक क्लोराइडमुळे होतो आणि दमट हवेत पसरत जातो. असा कळंक धरलेले एक नाणे मी निवडले असता त्याने स्वतःहून बाजूला काढले. ओतीव नकलांच्या कडेवर आढळणारी सांध्याची रेघ किंवा पृष्ठभागावरचे बुडबुड्यांचे खड्डे मला एकाही नाण्यावर दिसले नाहीत.

नाणी मऊ पीव्हीसीच्या पाकिटांत दिली जातात, ही गोष्ट खटकते. असे प्लास्टिक कालांतराने तांब्याला चिकट हिरवा डाग पाडते. घरी नेताच नाणी आम्लरहित कागदाच्या पाकिटांत काढून ठेवावीत.

घासलेली शिवराई विक्रेत्याने वाद न घालता परत घेतली. वरच्या श्रेणीसाठी तो मागतो तो दर भिंगाने तपासल्याशिवाय देऊ नये, असे माझे मत आहे. पुढची खरेदी मी त्याच्या 'फाइन'च्या खणातूनच करणार आहे.