क्रोशाची लेस जोडायची कशी: हातानं, मशीनवर, की थेट कापडावर विणून?

हातानं विणलेली लेस कापडाला लावायचे रस्ते तीन. लेस वेगळी विणून सुईदोऱ्यानं हातशिलाई करायची, तीच मशीनवर मारून घ्यायची, किंवा कापडाच्या कडेलाच टाके घालून तिथून क्रोशाची सुई चालवायची. बहुतेक जणी हाताशी किती वेळ आहे त्यावरून निवड करतात. मला विचाराल तर त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: लेस आणि कापड यांतलं आधी काय जाणार?

२० नंबरच्या मर्सराइज्ड (प्रक्रिया करून चमकदार आणि मजबूत केलेल्या सुती) दोऱ्यानं घट्ट विणलेली लेस उशीच्या अभ्र्यापेक्षा सहज जास्त टिकते. अभ्रा मधोमध विरतो, डोक्याच्या जागी आरपार दिसायला लागतं, आणि कडेची लेस मात्र ठणठणीत. अशा वेळी ती उसवून नव्या अभ्र्याला लावता आली पाहिजे. उलट, बाळाच्या झबल्याचं तसं नाही. बाळ सहा महिन्यांत झबल्यात मावेनासं होतं, पुढं ते लेससकट जपून ठेवायचं किंवा दुसऱ्या बाळाला द्यायचं. तिथं उसवण्याचा प्रश्नच येत नाही.

रस्ता कोणताही घ्या, आधी दोन्ही भिजवा. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात मीटरमागं तीन-चार सेंटिमीटर आटू शकतं, मग ते मालेगावच्या पॉवरलूमवरचं असो की हातमागाचं. लेसही आटते, पण दोघांचं प्रमाण एक नसतं. न धुता जोडलं तर पहिल्याच धुण्यानंतर एक तर लेसला झालर पडते, नाहीतर कापडाला चुण्या. गडद रंगाच्या दोऱ्याची लेस पांढऱ्या कापडाला लावणार असाल तर ती वेगळी धुऊन, ओली असतानाच पांढऱ्या फडक्यात दाबून बघा. फडक्यावर रंग उतरला तर ती लेस पांढऱ्याला लावूच नका.

थेट कापडावर

दिसायला हा प्रकार सगळ्यांत देखणा, कारण जोड दिसतच नाही. कड बारीक दुमडून घ्यायची, लेसच्याच दोऱ्यानं तिच्यावर काजे टाका (कडेला फास घालत जाणारा, काज करताना घालतात तो टाका) घालायचा, दोन टाक्यांत चार-पाच मिलिमीटर अंतर. मग प्रत्येक टाक्याच्या फटीत क्रोशाची सुई घालून मुके खांब (क्रोशाचा साधा आखूड टाका, सिंगल क्रोशे), आणि त्यावर पुढची नक्षी. मलमल, वायल अशा विरळ कापडात बारीक स्टीलची सुई सरळ आत जाते, म्हणून काही जणी काजे टाक्याला फाटा देतात. दुमडलेली कड असेल तर ते चालतं. कड एकेरी असेल तर सुई दोरे सरकवते आणि दशा निघायला लागतात. पॉपलिनसारख्या घट्ट विणीत तर हट्ट करूच नका, सुईचा आकडा कापडाचा दोरा ओढून बाहेर काढतो.

यातली खरी मेख मोजणीत आहे. नक्षीची एक पाकळी सहा खांबांवर बसत असेल तर प्रत्येक बाजूच्या मुक्या खांबांना सहानं भाग गेला पाहिजे. हे शेवटच्या कोपऱ्यावर लक्षात येऊन उपयोग नाही. बाजूच्या शेवटच्या वीतभरात काजे टाक्यांचं अंतर किंचित कमी-जास्त करून हिशेब जुळवता येतो, नजरेला कळतही नाही. कोपऱ्यावर एकाच फटीत तीन मुके खांब घ्या. खांब कमी पडले की कड आखडते आणि रुमाल वाटीसारखा वर उचलला जातो. त्याला इस्त्रीचा इलाज नाही, उसवावंच लागतं.

आणि हे उसवणं म्हणजे लेसच उसवणं. कापड गेलं की लेसही गेली. म्हणून हा प्रकार मी झबली, टोपडी, हातरुमाल, ताटावरचे रुमाल इथपर्यंतच ठेवते.

हातशिलाई

सगळ्यांत वेळखाऊ, आणि माझं मत याच्याच बाजूनं. दीड मीटर चौरस टेबलक्लॉथची कड होते सहा मीटर. तीन मिलिमीटरवर एक टाका धरला तर दोन हजार टाके. रोज संध्याकाळी थोडं थोडं करायचं काम आहे, एका बैठकीत उरकायचं नाही.

त्यासाठी लेसच्या बुडाला साध्या मुक्या खांबांची एक ओळ हवीच. विणतानाच ती धरून चला. कापडाची कड आधी दुमडून, टीप मारून तयार करा. लेस आणि कापड दोन्ही चार सारख्या भागांत टाचणीनं वाटा, कोपऱ्यापाशी लेस दोन-तीन सेंटिमीटर सैल सोडा, आणि कच्चा दोरा घाला. दोन्हींच्या सुलट बाजू एकमेकींवर ठेवून तिरके टाके घ्यायचे: सुई दुमडीच्या अगदी कडेचे दोन-तीनच दोरे उचलते आणि लेसच्या बुडाच्या ओळीतल्या फासाखालून बाहेर येते. फासाचा दोरा सुईनं चिरायचा नाही. नंतर उसवताना लेस धड राहते की तिला तूस सुटतं, ते इथंच ठरतं. दोरा आवळू नका, नाहीतर लेस उघडून सपाट केल्यावर जोडावर उंचवटा राहतो. वीतभर अंतरावर एकदा जागच्या जागी दुहेरी टाका घेतला की एक टाका तुटला म्हणून सगळी शिलाई सुटत जात नाही.

दोरा साधा सुती रिळाचा, लेसच्या दोऱ्यापेक्षा बारीक घ्या. खेच बसली तर आधी शिलाई तुटावी, लेस नाही. शिलाई दहा मिनिटांत परत घालता येते.

मशीन

घरच्या साध्या मशीनवर सरळ टीप बसते, ती बुडाच्या ओळीवरून मारली तर दिसते आणि पुढं उसवताना त्रासही देते. झिगझॅग जास्त बरी, कारण ती लेसच्या कडेला कवेत घेते आणि कापडाबरोबर थोडी हलते. घरी झिगझॅग नसेल तर पिको-फॉलवाल्यांकडं असते. नाशकात मेन रोड, शालिमार भागात साड्यांची खरेदी होते तिथं असं कुणी ना कुणी भेटतंच. मात्र सणासुदीच्या आणि लग्नसराईच्या गर्दीत हाताची लेस घेऊन जाऊ नका. त्यांचा हात साडीच्या काठावर धावायला बसलेला असतो, आणि क्रोशाच्या जाळीत मशीनचा पाय अडकतो. लेसखाली-वर बटर पेपरची पट्टी धरून शिवलं की पाय सरकतो, नंतर कागद फाडून काढता येतो. आधी हातभर तुकड्यावर नमुना मारून मागा. द्यायला तयार नसतील तर दुसरं दुकान बघा.

वेळेच्या बाबतीत मशीनला तोड नाही. पडदे, पलंगपोस, रोज धुण्यात जाणारे अभ्रे यांना टिकाऊपणाही पुरेसा. तोटा एवढाच की मशीनची सुई फास बघत नाही. दोऱ्यातून आरपार जाते, आणि झिगझॅग उसवल्यावर लेसचं बूड केसाळ दिसतं.

बाजारात रिळावर मिळणारी ‘क्रोशा लेस’ बहुधा मशीनचीच नक्कल असते, खरा क्रोशा हातानंच होतो. तसली लेस बिनदिक्कत मशीनवर मारा. तयार पण हातविणीचीच हवी असेल तर आंध्रातल्या नरसापूरची घ्या, तिला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. खळ असेल तर आधी धुऊन काढा, म्हणजे खरी लांबी कळेल.

गोंदाचं किंवा इस्त्रीनं चिकटणाऱ्या पट्टीचं कुणी सुचवलं तर जाळीच्या लेसला नको. चिकटा भोकांतून वर येतो.

पैठणीचं काय?

येवला आपल्याच जिल्ह्यात, त्यामुळं हा प्रश्न नाशकात येतोच. रेशमात सुईचं भोक राहतं, सुती कापडासारखं धुऊन मिटत नाही. म्हणून पैठणीवर झिगझॅग नाही, आणि थेट विणकाम तर नाहीच. पदराला लेस हवीच असेल तर ती आधी अरुंद सुती फितीला हातानं जोडा, आणि ती फीत पदराच्या आतल्या बाजूला लांब धावदोऱ्यानं टाचा. लेस ६० नंबरच्या बारीक दोऱ्याची असू द्या, २० नंबरची जड पडते आणि पदर खाली ओढते. पण एवढा खटाटोप करण्यापेक्षा लेस ब्लाउजच्या बाहीला लावा. बाहीची कड सरळ असते, हातशिलाई तासा-दोन तासांत होते. आणि पुढं ब्लाउज घट्ट झाला की लेस उसवून नव्या बाहीवर चढवता येते.