ऑटो चोक दुरुस्त करावा की केबलचा चोक बसवावा?

गरम इंजिनावरही रेस दोन हजार आरपीएमवर अडून बसते, नाहीतर सकाळी सेल्फ मारून मारून बॅटरी उतरते. ऑटो चोकची जुनी कार्बोरेटर गाडी ज्याच्या दारात आहे त्याला कधी ना कधी ठरवावं लागतं: आहे तो चोक दुरुस्त करायचा, की काढून टाकून डॅशबोर्डवर केबलचा चोक आणायचा? चोक म्हणजे थंड इंजिन सुरू करताना कार्बोरेटरमधली हवा अडवून मिश्रणात पेट्रोल जास्त ठेवणारा फ्लॅप. ऑटोमध्ये तो आपोआप उघडतो, केबलवाला हाताने ओढायचा आणि ढकलायचा. मी दोन्ही वापरले आहेत. कल कुठे आहे ते पुढे दिसेलच.

आधी दोष चोकचाच आहे ना, हे बघा. इंजिन पूर्ण गरम करून एअर फिल्टरचं झाकण काढा. चोकचा फ्लॅप सरळ उभा, म्हणजे पूर्ण उघडा हवा. मग बाजूचा फास्ट आयडलचा, म्हणजे थंड इंजिनाची रेस चढवणारा स्क्रू आणि त्याला ढकलणारा कॅम बघा. गरम असताना दोघांत फट दिसली पाहिजे. फ्लॅप उघडा आहे, फटही आहे आणि तरी रेस चढलेली असेल, तर चोकला हात लावू नका. ॲक्सिलरेटरची केबल कार्बोरेटरकडून सोडवून रेस उतरते का बघा. नाही उतरली तर व्हॅक्यूमचे पाइप एकेक करून चिमटीत दाबा. कार्बोरेटरखालचं बेकलाइटचं जाड पॅकिंग तडकलं तरी तिथून हवा शिरते. एसी असेल तर आयडल-अपचा, म्हणजे एसी लावल्यावर रेस थोडी चढवणारा डायफ्रॅमही तपासा. एवढं न करता चोक बदलून घेणाऱ्यांची रेस नंतरही तशीच राहते.

स्क्रू कॅमवर टेकलेलाच असेल, तर मात्र दोष चोकचा. पाण्यावर चालणाऱ्या ऑटो चोकमध्ये मेणाची कॅप्सूल असते. कूलंट तापलं की मेण फुगतं, दांडी बाहेर येते, कॅम फिरतो, फ्लॅप उघडतो आणि रेस उतरते. म्हणजे सगळा खेळ कॅप्सूलपर्यंत गरम पाणी पोचण्याचा. आणि नेमकं तिथेच आपल्याकडे घोळ आहे. इंजिन एकदा ओव्हरहीट झालं की बरेच मिस्त्री थर्मोस्टॅट काढून टाकतात. साधारण ८२ अंशांना उघडणारा तो व्हॉल्व्ह नसला की पाणी सतत रेडिएटरमधून फिरतं, आणि डिसेंबर-जानेवारीत बेळगावच्या सकाळी ते पुरेसं तापतच नाही. मेण अर्धवट फुगतं, चोक अर्धवट लागलेला राहतो, सायलेन्सरमधून काळा धूर, प्लग काळे, ॲव्हरेज गेलं. कॅप्सूलचा यात काहीही दोष नसतो.

म्हणून ऑटो ठेवायचा असेल तर सुरुवात थर्मोस्टॅटपासून करा. मग कॅप्सूलकडे जाणारे दोन्ही पाइप हाताला गरम लागतात का ते बघा. एकच गरम असेल तर नळी बुजली आहे. कूलंटऐवजी बोअरचं पाणी घातलेल्या गाडीत गंज आणि खार तिथेच साचतो. दोन्ही गरम असून कॅम हलत नसेल, तर कॅप्सूल काढून गरम पाण्याच्या पातेल्यात धरा. पाणी ऐंशीच्या पुढे गेलं तरी दांडी बाहेर येत नसेल, तर मेण गळलं. तिथून पुढे अडचण सुरू होते. नवी कॅप्सूल मिळणं अवघड, आणि भंगारातून काढलेली तेवढीच म्हातारी.

माझं मत ज्या एका त्रासाने फिरलं तो असा. चांगला चालणारा ऑटो चोकसुद्धा पाण्याची वाट बघतो. इंजिनाला चोक लागतो मिनिट-दीड मिनिट. पाणी तापायला त्याच्या कितीतरी पट वेळ. तेवढ्या वेळात शहापूरच्या बोळातून गाडी रिव्हर्स काढायची, तर क्लच सोडताच ती अंगावर आल्यासारखी मागे धावते. ब्रेकवर पाय ठेवूनच ती आवरावी लागते. टिळकवाडीत रेल्वे गेटला थांबा, इंजिन बोंबलतंय. खडेबाजारात पोचेपर्यंत कुठे रेस उतरते आणि तिथे गाडी बंदच करायची असते. ज्याची गाडी रोज चोर्ला घाटाने गोव्याला जाते त्याला हे जाणवणारही नाही. गावातल्या गावात फिरणाऱ्याला रोज जाणवतं.

त्यात पेट्रोल बदललं. आपल्याच जिल्ह्यातले साखर कारखाने बनवतात ते इथेनॉल आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत असतं. त्यात ऑक्सिजन असल्याने जुन्या जेटवर (कार्बोरेटरमधल्या पेट्रोलच्या बारीक भोकावर) मिश्रण पातळ पडतं, आणि थंडीत त्याची वाफही कमी होते. जुन्या पेट्रोलवर बेतलेल्या कॅप्सूलला हे कळत नाही. केबल मात्र हातात असते: थंडी असेल तर पूर्ण ओढा, पावसाळ्यात अर्धी, इंजिन सावरलं की आत ढकला. थर्मोस्टॅट असो-नसो, तिला फरक पडत नाही.

केबल बसवताना चूक होते ती एकाच ठिकाणी. मिस्त्री केबल नुसती फ्लॅपला जोडतो आणि कॅम सोडून देतो. मग गाडी सुरू होते आणि लगेच बंद पडते, कारण फ्लॅप मिटला तरी थ्रॉटल, म्हणजे रेसची झडप, उचललेलाच नसतो. केबलने फ्लॅप आणि कॅम दोन्ही एकत्र हलले पाहिजेत. त्यासाठी लागणारी छोटी पट्टी उद्यमबागेत लेथवाल्याकडून करून घेता येते. केबल आणि नॉब जुन्या मारुती ८०० चा चालतो. लांबी आधी दोरीने मापा. फायरवॉलच्या भोकात रबरी ग्रोमेट घाला, एक्झॉस्टजवळून केबल नेऊ नका, तीव्र वळण देऊ नका. नॉब पूर्ण आत असताना केबलला एक-दोन मिलिमीटर ढील ठेवा, नाहीतर फ्लॅप कधीच पूर्ण उघडणार नाही. कॅप्सूलच्या पाण्याचे दोन पाइप पितळी नळीने एकमेकांना जोडून क्लॅम्प आवळा. चोक थोडा उघडणारा व्हॅक्यूमचा डायफ्रॅम शाबूत असेल तर तो काढू नका; पाइप तोंडाने ओढून जिभेने बंद केल्यावर दांडी आत टिकली, तर तो चांगला.

सेटिंगचा क्रम पाळा. आधी गरम इंजिनावर साधं आयडलिंग ८५०-९०० ला, मग हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा मिक्श्चर स्क्रू, आणि सगळ्यात शेवटी चोक ओढून फास्ट आयडल. बेळगावच्या हवेला दीड हजार पुरतात असं मला वाटतं. दोन हजार कशाला हवेत ते कळत नाही.

केबलचा तोटा खरा आहे आणि तो लहान समजू नये. चोक आत ढकलायचा राहिला तर जादा पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन नेतं आणि खाली इंजिन ऑइल पातळ करतं. घरात गाडी तिघे-चौघे चालवत असतील, किंवा ड्रायव्हर बदलत असेल, तर थर्मोस्टॅट घालून ऑटोच ठेवलेला बरा. कॅप्सूल जिवंत असेल आणि लांबचा प्रवास जास्त असेल, तरीही तसंच. पण एकच माणूस चालवतो, गाडी गावात फिरते आणि कॅप्सूल गेली आहे, तर मला तरी केबलच पटते.

जांबोटी-खानापूरकडच्या पावसात केबल गंजून अडकते, म्हणून मे महिन्यात आतली तार काढून ग्रीस लावा. आणि काढलेली कॅप्सूल, स्प्रिंग, लिंकेज डब्यात घालून ठेवा. गाडी पुढे कुणी मूळ स्थितीत आणायला घेतली तर हेच भाग बाजारात मिळत नाहीत.