कर्ज मी घेतलंच नव्हतं, वसुली मात्र माझ्याकडे

नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ फ्लॅट घ्यायचा म्हणून आम्ही बँकेत गृहकर्जाचा अर्ज केला. बँकेतल्या साहेबांनी सिबिल, म्हणजे कर्जफेडीचा रिपोर्ट, काढलं आणि म्हणाले, "ताई, तुमचं एक पर्सनल लोन थकलंय. आधी ते मिटवा, मग बघू."

असं कर्ज मी घेतलंच नव्हतं. रिपोर्टमध्ये नाव होतं एका फायनान्स कंपनीचं. तिच्याकडून मी पूर्वी स्कूटरसाठी कर्ज काढलं होतं, ते फेडून एनओसीही घेतली होती. त्याच कंपनीचा काही महिन्यांपूर्वी ईमेल आला होता की आमच्या यंत्रणेत कुणीतरी घुसलं, काही ग्राहकांची माहिती बाहेर गेली असू शकते, पासवर्ड बदला. पासवर्ड मी लगेच बदलला. पण स्कूटरच्या वेळी दिलेलं पॅन, आधारची प्रत, फोटो, सही, हे कसं बदलायचं? त्याच कागदांवर कुणीतरी माझ्या नावाने कर्ज उचललं होतं. मोबाईल नंबर माझा नाही, पैसे जमा झाले ते खातंही माझं नाही.

त्या फायनान्स कंपनीच्या शरणपूर रोडच्या शाखेतला अधिकारी अगदी गोड बोलला. "मॅडम, चौकशीला वेळ लागेल. तोवर दोन-तीन हप्ते भरून टाका, म्हणजे सिबिल आणखी खराब होणार नाही." मला सर्वात जास्त सावध करायचंय ते इथे. न घेतलेल्या कर्जाचा एकही हप्ता भरू नका आणि 'तडजोडी'च्या कुठल्याही कागदावर सही करू नका. उद्या तोच हप्ता दाखवून म्हणतील, कर्ज तुमचं नव्हतं तर भरलं कशाला? मी भरला नाही. उलट लेखी अर्ज दिला: कर्जाचा करार, केवायसीची कागदपत्रं, ओटीपी कुठल्या नंबरवर गेला आणि रक्कम कुठल्या खात्यात गेली, हे सगळं द्या. अर्जाच्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का घेतल्याशिवाय तिथून उठले नाही.

मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली आणि शहर सायबर पोलीस ठाण्यात गेले. दुसऱ्याच्या ओळखीचा असा वापर हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी खाली गुन्हा आहे. या तक्रारीची प्रत पुढे प्रत्येक ठिकाणी मागतात. खात्यातूनच पैसे गेले असतील तर मात्र वेळ दवडू नका, आधी १९३० ला फोन लावा आणि बँकेला कळवा. तुमची चूक नसताना बाहेरच्या कुणी पैसे काढले आणि तुम्ही ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार तुमच्यावर शून्य जबाबदारी. चूक ग्राहकाची आहे हे सिद्ध करायचं ओझंही बँकेवरच.

दरम्यान वसुलीवाले रात्री निफाडला सासऱ्यांना फोन करू लागले. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करायला रिझर्व्ह बँकेची बंदी आहे. त्या फोनच्या वेळा मी टिपून ठेवल्या आणि तक्रारीला जोडल्या.

सिबिलकडे चुकीच्या नोंदीची तक्रार ऑनलाइन करता येते. ती ३० दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा नियम आहे. सिबिलखेरीज असेच रिपोर्ट बनवणाऱ्या एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कंपन्यांचेही रिपोर्ट काढा, वर्षातून एकदा प्रत्येकाचा फुकट मिळतो. माझ्या नावावरचं ते कर्ज एकाच ठिकाणाहून आधी निघालं, बाकीच्यांकडे तसंच राहिलं होतं.

कंपनीने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उडवाउडवी केली, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही. माझी नोंद निघाली ती लोकपालाकडे तक्रार गेल्यावरच.

भरपाईचा प्रश्न मात्र वेगळा. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा ऐकायला जोरदार आहे. माहिती नीट सांभाळली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड. पण तो दंड सरकारी तिजोरीत जातो, ज्याचं नुकसान झालं त्याला त्यातून काही मिळत नाही. हे मला अन्यायाचं वाटतं. म्हणून मी नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात दावा लावला. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये वित्तसेवा येते, आणि विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याबाहेर दुसऱ्याला उघड करणं ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत दावा लावावा लागतो.

कंपनीच्या वकिलाने उत्तरात लिहिलं, की स्कूटरचं कर्ज फिटलं, आता या बाई आमच्या ग्राहकच नाहीत. आणि वसुलीवाले महिनोन्‌महिने मला कर्जदार म्हणत होते! माझी कागदपत्रं त्यांच्याकडे आली ती मी ग्राहक होते म्हणूनच, हे मी आयोगापुढे स्कूटरच्या करारासह मांडलंय. दावा चालू आहे.

आता नवेच फोन येताहेत. "डेटा लीकची भरपाई मंजूर झालीय, फक्त प्रोसेसिंग फी भरा." समोरच्याला माझा जुना कर्जक्रमांकसुद्धा तोंडपाठ असतो, त्यामुळे खरं वाटतं. तो क्रमांक त्याच चोरलेल्या माहितीतला आहे. भरपाई द्यायला लोकपाल किंवा आयोग फोनवर फी मागत नाही. असा फोन आला तर नंबर आणि वेळ लिहून घ्या आणि सायबर पोलिसांकडच्या आपल्या तक्रारीत जोडा.