बाससाठी पहिला बॉक्स भरताना: सेन्को की जिग, स्पिनरबेट की क्रँकबेट, आणि रील कुठलं

बास फिशिंगला सुरुवात करणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ल्युअर, म्हणजे नकली आमिष, कुठले घेऊ. (आधीच सांगतो, हा बास म्हणजे मासा, आपलं "आता बास कर" वालं बास नाही, त्या बासचा या छंदाशी काडीचा संबंध नाही, ल्युअर विकत घेताना बास म्हणणारा माणूस मी अजून बघितलेला नाही.) माझ्याकडे तीन मोठे बॉक्स गच्च भरलेत आणि त्यातल्या निम्म्याहून जास्त मालाला कित्येक वर्षांत पाणी लागलेलं नाही. हात दरवेळी जातो तो त्याच पाच-सहा वस्तूंकडे. म्हणून अख्खी यादी देत बसत नाही, ज्या जोड्यांपाशी लोक अडकतात तेवढ्याच समोरासमोर ठेवतो.

माझा साधा हिशोब असा आहे की ल्युअरच्या जाती दोनच, एक मासा शोधणारी आणि दुसरी सापडलेल्या माशाला पटवणारी. स्पिनरबेट (तारेवर फिरणारी चमकती पाती असलेलं), क्रँकबेट (माशाच्या आकाराचं, पुढे जिभेसारखी पट्टी, ओढलं की बुडी मारतं) ही शोधणारी, भराभर फेका, ओढा, पुढे चला. सेन्को, जिग ही पटवणारी, एकाच झाडाच्या बुंध्यापाशी दहा मिनिटं घालवायची तयारी पाहिजे. दोन्हीतलं एकेक तरी जवळ असावं आणि रॉड-लाइन त्याला जुळणारी असावी, त्यापलीकडे सगळी हौस.

आता सेन्को की जिग. सेन्को म्हणजे गॅरी यामामोटोंनी आणलेली ती पाच इंची मऊ प्लास्टिकची कांडी, दिसायला अगदीच बावळट, ना शेपूट ना पाय, मी पहिल्यांदा बघितली तेव्हा हसलो होतो. पण प्लास्टिकमध्ये मीठ भरलेलं असल्याने ती वजन न लावताच बुडते आणि बुडताना दोन्ही टोकं हलकी थरथरतात, सगळी जादू त्या थरथरण्यात आहे. मधोमध हुक टोचायचा, त्याला वॅकी रिग म्हणतात, टाकायची आणि काहीच करायचं नाही. खरंच काही करायचं नाही, नवीन माणसाला हेच जमत नाही, तो सारखं ओढत राहतो. पाण्यावर लाइनची सैल वळणं पडलेली असतात, ती एकेक करून सावकाश आत जात असतात, आणि मधेच एक वळण आडवं सरकतं किंवा टपकन सरळ होतं, हाताला काही जाणवलेलं नसतं पण मासा लागलेला असतो. म्हणजे नजर लाइनवर पाहिजे, रॉडच्या टोकावर नाही. तोटे पण सांगतो, दोन-तीन माशांत कांडी फाटते (मधे रबरी ओ-रिंग चढवून हुक त्यात अडकवला तर जरा जास्त टिकते), वारा असेल तर लाइन फुगते आणि काही कळत नाही, आणि वीस फूट खोल पाण्यात ती तळाला पोचेपर्यंत माणसाला डुलकी लागते.

जिग याच्या उलट. शिशाचं किंवा टंगस्टनचं डोकं, सिलिकॉनच्या पट्ट्यांचा घागरा, हुकसमोर ताठ केसांचा वीडगार्ड म्हणजे लाकडात अडकू नये म्हणून, आणि मागे प्लास्टिकचा ट्रेलर, म्हणजे शेपटीसारखा तुकडा. तळावर हळूहळू सरकवलं की क्रॉफिश (गोड्या पाण्यातला झिंग्यासारखा प्राणी) वाटतं. माझ्या आयुष्यातले मोठे मासे मोजले तर जिगचे जास्त भरतील, पण रिकाम्या हाताने घरी आलेले दिवस पण जिगचेच जास्त आहेत. कारण जिगमध्ये तळ वाचावा लागतो, दगड टकटक लागतो, गवत लवचिक ओढ देतं, चिखलात काहीच जाणवत नाही, आणि बासने तोंडात घेतलं की एक हलकी ठप, किंवा कधी कधी जिगचं वजनच गायब होतं. ते ओळखायला मला एक अख्खा सीझन लागला. त्यामुळे पहिल्या वर्षी सेन्को, मासे लागतील, उत्साह टिकेल. 3/8 औंसाचे दोन जिग घेऊन ठेव, पण मासे लागत असतील त्या दिवशीच बांध, उपाशी दिवशी जिग शिकायला गेलास तर छंदच सोडशील.

स्पिनरबेट आणि क्रँकबेटमध्ये लोक उगाच भांडतात, खरं तर तळाशी काय आहे त्यावरून ठरतं. स्पिनरबेट एकाच हुकचं, तारेच्या आडोशाने चालतं, त्यामुळे बुडालेल्या फांद्यांतून, लव्हाळ्यातून बिनधास्त काढता येतं. पाती बघून घ्यावी, गोल कोलोरॅडो पाती जोरात धडधडते म्हणून गढूळ पाण्याला, लांबट विलो पाती चमकते आणि वेगात ओढता येते म्हणून स्वच्छ पाण्याला. वाऱ्याने पाण्यावर बारीक लाटा उठल्या की मी दुसरं काही बघतच नाही.

क्रँकबेटमध्ये आधी स्क्वेअरबिल घ्यावं, म्हणजे चौकोनी जिभेचं, उथळ पाण्यातलं. ते नुसतं ओढायचं नसतं तर मुद्दाम ओंडक्यावर, दगडावर आपटवायचं, आपटून बाजूला उसळतं ना, त्याच क्षणी मासा झडप घालतो. मोकळ्या पाण्यात नीट सरळ ओढलेलं स्क्वेअरबिल म्हणजे वाया घालवलेलं स्क्वेअरबिल. पण ट्रेबल, म्हणजे तीन टोकांचे हुक असतात, त्यामुळे गवतात कचरा गोळा होतो आणि मासा उडी मारून डोकं झटकतो तेव्हा हुक सुटतात. त्यावर उपाय म्हणजे जरा नरम, मॉडरेट ॲक्शनचा रॉड, माशाने झटका दिला तरी रॉड वाकून सांभाळून घेतो. गवत पाण्याच्या पृष्ठभागाखाली दोन-तीन फुटांवर असेल तर बिनजिभेचं लिपलेस घ्या, गवतात अडकलं की झटक्याने सोडवा, बहुतेक वेळा सोडवतानाच लागतो.

चॅटरबेट या दोघांच्या मधलं, जिगच्या नाकावर षटकोनी पत्रा, मस्त चालतं, पण स्पिनरबेट असेल तर दुसऱ्या वर्षी घेतलं तरी चालेल. पाणी दहा डिग्रीच्या खाली गेलं की मात्र यातलं सगळं बाजूला ठेवून सस्पेंडिंग जर्कबेट (थांबवलं की पाण्यात मधेच लटकून राहणारं), दोन झटके आणि मग थांबायचं, दहा सेकंद, पंधरा सेकंद, थंडीत बास सुस्त असतो, पाठलाग करत नाही, समोर लटकलेलं मात्र खातो.

रील. स्पिनिंग (लाइन गुंडाळलेलं स्पूल स्थिर राहतं) की बेटकास्टर (फेकताना स्पूल फिरतं) यावर मी खूप वाद घातलेत आणि आता मत असं झालंय की एकच घ्यायचं तर स्पिनिंग. सात फुटी मीडियम पॉवर, फास्ट ॲक्शन (मुख्यतः टोकाकडे वाकणारा) रॉड, 2500 साइझचं रील, त्यावर 10 पौंडी ब्रेड (विणलेली लाइन) आणि पुढे 8 पौंडी फ्लुरोकार्बनचा लीडर (टोकाला बांधायचा कमी दिसणाऱ्या लाइनचा तुकडा), यावर सेन्को आणि छोटी क्रँकबेट सगळं चालतं, हलकं स्पिनरबेट पण. बेटकास्टर दुसरा घ्यावा, सात फुटी मीडियम हेवी, जिग, फ्रॉग (बेडकाच्या आकाराचा पोकळ ल्युअर) आणि जड स्पिनरबेटसाठी. गिअर रेशो (हँडलच्या एका फेरीत स्पूल किती वेळा फिरतं) बघताना साधारण 6:1 च्या आसपासचं क्रँकबेटला बरं, कारण वेगात ओढायचा मोह आवरतो, जिग आणि फ्रॉगला 7:1 च्या वरचं, कारण मासा लागल्यावर सैल लाइन झटकन गोळा करायची असते.

बेटकास्टरचा बॅकलॅश सगळ्यांना होतो, मला अजून होतो. स्पूल लाइनपेक्षा वेगात फिरलं की आत चिमणीचं घरटं तयार होतं. टेन्शन नॉब इतका घट्ट करायचा की बटण दाबल्यावर ल्युअर सावकाश खाली उतरेल आणि जमिनीला टेकताच स्पूल थांबेल, तिथून सुरुवात. आणि घरटं झालंच तर लगेच उपटत बसू नका, स्पूलवर अंगठा दाबून धरा, हँडल एक-दोन वेळा फिरवा, मग लाइन हलकेच ओढा, बहुतेक गाठी आपोआप सुटतात. मी हे माहीत नसताना एका सकाळी कात्रीने अर्धं स्पूल कापून फेकलं होतं, सोबतचा माणूस तोवर चार मासे पकडून सोडून मोकळा.

लाइनचं थोडक्यात, फ्लुरोकार्बन बुडतो आणि पाण्यात कमी दिसतो म्हणून जिग-क्रँकबेटला, पण बुडतो म्हणूनच टॉपवॉटरला (पाण्यावर चालणाऱ्या ल्युअरला) नको, ल्युअरचं नाक खाली ओढतो. मोनो (एकेरी नायलॉनची लाइन) फार हळू बुडतो आणि ताणतो, पॉपरला (पाण्यावर टपटप आवाज करणारा ल्युअर) उत्तम. ब्रेड जवळजवळ ताणतच नाही, दाट गवताला तोच. वजनं टंगस्टनची परवडली तर घ्यावीत, शिशापेक्षा बरीच घन असतात म्हणून तेवढ्याच वजनाला आकार लहान आणि तळ जास्त स्पष्ट कळतो. शिवाय काही ठिकाणी शिशावर बंदी आहे, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायरमध्ये एक औंस आणि त्याखालची शिशाची वजनं आणि जिग चालत नाहीत, लून पक्षी ती गिळून मरतात.

रंगावर डोकं खाऊ नका. स्वच्छ पाण्याला ग्रीन पंपकिन (हिरवट-तपकिरी), गढूळला काळा-निळा, बास छोटे मासे खात असेल तर पांढरा. जॉर्ज पेरीने 1932 साली जॉर्जियात 22 पौंड 4 औंसांचा लार्जमाउथ (बासचीच एक जात) काढला, तो विक्रम क्रीक चब कंपनीच्या ल्युअरवर, तेव्हा ना इतके रंग होते ना फ्लुरोकार्बन, आणि त्याची बरोबरी व्हायला 2009 उजाडलं, जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिताने केली, ती पण जिवंत ब्लूगिल (एक छोटा मासा) लावून.

शेवटचं टॉपवॉटर. मोकळ्या पाण्याला पॉपर, शेवाळ-कमळाच्या पानांवर पोकळ फ्रॉग, यात निवड करायला फार काही नाही कारण पॉपरचे ट्रेबल पानांत शिरले की खेळ खल्लास. फ्रॉगला 50 ते 65 पौंडी ब्रेड आणि हेवी रॉड, यात काटकसर नको, मासा लागल्यावर त्याच्याबरोबर तीन किलो गवत पण ओढायचं असतं. आणि पाणी फुटल्या फुटल्या झटका द्यायचा नाही. माझे पहिले सात की आठ मासे असेच गेले, पाणी उसळलं की मी घाबरून ओढायचो आणि फ्रॉग उडून माझ्याच टोपीकडे यायचा. आता रॉडचं टोक खाली करतो, माशाकडे रोखतो, लाइनला ओढ लागली की मगच ताकदीने हाणतो. तरी दहातले तीन-चार सुटतातच, फ्रॉगमध्ये ते धरूनच चालायचं. मासा लागला तर सोडल्यावर फ्रॉग दाबून आतलं पाणी काढून टाका, नाहीतर पुढच्या कास्टला तो तिरका होऊन बुडतो.