दिवाणजीचं लॉगिन ठेवायचं कुठं: पोस्टग्रेसच्या रोलमध्ये की आपल्या टेबलात?

सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अडत दुकानांचं हिशेबाचं सॉफ्टवेअर करायला घेतलं की हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात येतो. मालक, दिवाणजी, काट्यावरचा माणूस या प्रत्येकाला पोस्टग्रेस या डेटाबेसचा वेगळा रोल (म्हणजे डेटाबेसातलंच लॉगिन खातं) द्यायचा, की अ‍ॅपनं एकाच रोलनं जोडायचं आणि माणसं आपल्या यूजर टेबलात ठेवायची? मी दोन्ही चालवलंय.

रोल घेतले की बरंच आयतं मिळतं. पासवर्ड स्क्रॅम या सुरक्षित पद्धतीनं तपासला जातो (आवृत्ती १४ पासून तेच डीफॉल्ट आहे). ग्रँट (कुणाला काय करता येईल याची परवानगी) थेट टेबलावर बसते, त्यामुळे कुणी अ‍ॅप टाळून आत शिरला तरी शेतकऱ्याची पट्टी (विक्रीचा हिशेब) खोडू शकत नाही. नोंद कुणाची, हे करंट_यूजरच (चालू रोलचं नाव) सांगतो. एकाच पेढीचं काम असेल, तर मी याला नावं ठेवणार नाही.

माझं बिनसलं ते वेगळ्याच गोष्टीवरून. पोस्टग्रेसमध्ये रोल एका डेटाबेसचा नसतो, सगळ्या क्लस्टरचा (त्या सर्व्हरवरच्या सगळ्या डेटाबेसांचा) असतो. एका सर्व्हरवर पाच-सहा पेढ्या ठेवल्या, प्रत्येकीचा डेटाबेस वेगळा, आणि सांगलीत पाटील किती, हे मी सांगायला नको. एका पेढीत 'पाटील' काढला की दुसरीकडं 'पाटील२', तिसरीकडं 'पाटील_हळद'. त्यात आपल्याकडं एकच दिवाणजी सकाळी एका पेढीवर, संध्याकाळी दुसरीवर. त्याला एकच रोल दिला तर पासवर्डही एकच. एका मालकानं बदलून घेतला की दुसरीकडं ऐन सौद्याच्या वेळी लॉगिन अडलं. तो काम सोडून गेला की ड्रॉप रोल सरळ होत नाही, 'यावर काही गोष्टी अवलंबून आहेत' म्हणून पोस्टग्रेस नकार देतं. मग प्रत्येक डेटाबेसात शिरून रीअसाइन ओन्ड (त्याच्या मालकीचं दुसऱ्याच्या नावावर करणं), ड्रॉप ओन्ड (उरलेले हक्क काढणं). रोल डेटाबेसपुरता ठेवायची डीबी_यूजर_नेमस्पेस नावाची एक सोय होती, पण ती मुळातच तात्पुरती म्हणून दिलेली, आवृत्ती १७ मध्ये काढूनच टाकली.

यूजर टेबलात हा वैताग नाही. प्रत्येक पेढीचा पाटील आपापल्या घरात. बदल्यात पासवर्ड रीसेट आणि चुकीच्या प्रयत्नांनंतर कुलूप हे तुम्हालाच करावं लागतं (कुलूप पोस्टग्रेसही आपणहून लावत नाही म्हणा). हॅशिंग (पासवर्ड ओळखता येणार नाही अशा रूपात साठवणं) स्वतः लिहू नका. बीक्रिप्ट किंवा आर्गॉन२ची तयार लायब्ररी घ्या. राहिला 'नोंद कुणाची' हा प्रश्न. ट्रान्झॅक्शनच्या सुरुवातीला सेट_कॉन्फिग या फंक्शननं यूजरचा आयडी ठेवायचा आणि ट्रिगरनं (नोंद होताना आपोआप चालणाऱ्या कोडनं) तो वाचायचा. तिसरा पॅरामीटर ट्रू (आयडी त्या ट्रान्झॅक्शनपुरताच) द्यायला विसरू नका; नाहीतर पूलमधल्या (सगळ्यांत वाटून वापरायच्या) त्याच कनेक्शनवर पुढच्या माणसाची नोंद आधीच्याच्या नावावर पडेल.

तुमचं गणित वेगळं असू शकतं, पण पेढ्या एकाहून जास्त होणार असतील तर मी टेबलाकडंच झुकेन. सीएच्या ऑफिसातून एक्सेल जोडून रिपोर्ट ओढणाऱ्याला मात्र मी आजही पोस्टग्रेसचाच रोल देतो, फक्त वाचण्यापुरता, नावापुढं पेढीचं नाव लावून.